लेहरा, लग्गी आणि लॅपटॉप

बँकेच्या बदलीने मला लखनौला आणलं आणि लॅपटॉपवर बीट बनवायला मी इथेच शिकलो. लहानपणी सांगलीत तबल्याच्या सुरुवातीच्या परीक्षा दिल्या होत्या, तेवढंच भांडवल. आता वसाहतीतली मुलं विचारायला येतात, पुण्याहून भाचा रात्री-अपरात्री फोन करतो. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं म्हणून हा उद्योग. क्रम सुचला तसा आहे. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं हा प्रश्न इथेच निकालात काढतो: एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, रीपर यांपैकी जे तुमच्या ओळखीत कुणाला तरी चांगलं येतं ते घ्या, म्हणजे अडल्यावर विचारता येईल.

१. लूप कळायला हवा असेल तर कथकच्या तालमीला जाऊन बसा

कथकगुरू कालका-बिंदादीन यांची ड्योढी याच शहरात, बिरजू महाराज जन्मले ते याच शहरात. त्यामुळे कथकचे वर्ग इथे शोधावे लागत नाहीत. तालीम बघायला परवानगी मिळाली तर नाचणाऱ्यांकडे पाहू नका, कोपऱ्यात बसलेल्या हार्मोनियमवाल्याकडे पाहा. नशीब जोरावर असेल तर तिथे सारंगिया असेल. तो १६ मात्रांची एक ओळ धरतो आणि तासभर सोडत नाही. हा लेहरा, कुणी त्याला नगमा म्हणतं. नाचणारी तुकडे, परण, तिहाया करत कुठेही फिरून येवो, सम कुठे आहे हे लेहरा तिला सांगत राहतो. हिप-हॉपवाले लूपकडून जे काम करून घेतात ते हेच.

पण सारंगियाची पन्नासावी फेरी पहिलीसारखी नसते. गज जरा जास्त दाबला जातो, एखादी मींड लांबते, नाचणारीचा पाय घाईत आहे हे पाहून समेआधीचा स्वर किंचित आखूड होतो. कॉम्प्युटरची पन्नासावी फेरी मात्र हुबेहूब पहिलीच, आणि कान इतका लबाड की मिनिटाभरात तिकडे लक्ष देणंच सोडून देतो. म्हणून एकच आवर्तन कापून ते फिरवत बसणं मला पटत नाही. सलग पुष्कळ आवर्तनं रेकॉर्ड करावीत, त्यातली चार निवडावीत आणि ती ओळीने लावावीत. ९० च्या लयीत एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची, म्हणजे १६ मात्रांना पावणेअकरा सेकंदही लागत नाहीत. चार आवर्तनं मिळून पाऊण मिनिटाच्या आतच. एवढ्या लांबीत माणूस हलतो, श्वास घेतो, आणि ते ऐकू येतं.

आणखी एक. सारंगियाच्या कानात नुसती टिकटिक सोडून लेहरा वाजवायला सांगितलं तर तो परीक्षेला बसल्यासारखा वाजवतो. समोर कुणीतरी पावलं टाकत असलं, निदान मांडीवर ताल देत असलं, तर तोच माणूस तीच ओळ रसरशीत वाजवतो. टिकटिक लागणारच असेल तर ती तुम्ही ऐका आणि हातावर ताल देत त्याच्यासमोर बसा.

२. बोल कापताना घुमक तोडू नका

तबल्याचं लखनौ घराणं मोदू खाँ आणि बख्शू खाँ या भावांपासून सुरू झालं असं मानतात. ते दिल्लीचे. दिल्लीचा बाज दोन बोटांचा, चाटेवरचा. आवाज कोरडा, पटकन संपणारा. लखनौत तबल्याला नाचाची साथ करायची होती, घुंगरांच्या वर ऐकू जायचं होतं, त्यामुळे हात उघडा पडू लागला, पंजा आला, पखवाजाची थाप आली. वाजवणाऱ्यासाठी हा सगळा इतिहास आहे, पण कापणाऱ्यासाठी ती थेट कामाची माहिती आहे. दिल्ली बाजातला ‘तिट’ कुठेही कापा, चालतो. लखनौच्या ‘धा’मागे डग्ग्याची घुमक लांबवर जाते आणि पुढचा बोल तिच्यावरच पडतो. दोन बोलांच्या मध्ये कात्री लावली की घुमक अर्ध्यात तुटते. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण तबला खोटा वाटू लागतो.

यावर उपाय साधा आहे. वाजवणाऱ्याला विनंती करा, एकेक बोल सुटा वाजवून आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायला सांगा. प्रत्येक बोल हलका, मध्यम आणि जोरदार असा तीन वजनांत घ्या. नंतर सॅम्पलरमध्ये डग्ग्याचे सगळे बोल एका चोक ग्रुपमध्ये टाका, म्हणजे नवा ‘गे’ आला की आधीचा आपोआप थांबेल आणि बंद ‘क’ आला की घुमक दाबली जाईल. डग्गा एकच असतो. एकावर एक चार ‘गे’ घुमू लागले की चार डग्गे वाजवणारा राक्षस डोळ्यांपुढे येतो. कात्री मात्र लाट शून्यावरून जाते तिथेच लावायची, नाहीतर ‘टक्’ ऐकू येतं; किंवा दोन्ही टोकांना चार-पाच मिलिसेकंदांचा फेड द्यायचा.

३. ब्रेक हवाय? लग्गी ऐका

सॅम्पलिंगची गोष्ट सांगणारे ११ ऑगस्ट १९७३ पासून सुरुवात करतात. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागात एका इमारतीतल्या पार्टीत डीजे कूल हर्क तबकड्या वाजवत होता. गाण्यातला जो तुकडा फक्त ढोलांचा असतो, त्यावर लोक नाचायला तुटून पडतात हे त्याच्या लक्षात आलं होतं, म्हणून दोन टर्नटेबलांवर तो तेवढाच तुकडा लांबवायचा. तो तुकडा म्हणजे ब्रेक. जगात सर्वांत जास्त कापला गेलेला ब्रेक द विन्स्टन्स या मंडळींच्या १९६९ च्या ‘अमेन, ब्रदर’मधला आहे, चार आवर्तनं, सहा-सात सेकंद. तो ग्रेगरी कोलमन नावाच्या ड्रमरने वाजवला. पुढे त्यावर इंग्लंडमध्ये ड्रम अँड बेस हा अख्खा प्रकार उभा राहिला. कोलमन २००६ साली गेला. त्या सहा सेकंदांचे पैसे त्याला कधीच मिळाले नाहीत.

आता ठुमरी ऐका. संथ लयीत बोल बनवून झाले की गायिका मुखड्यावर परत येते, तोच मुखडा फिरवत राहते, आणि इतका वेळ अदबीने ठेका धरून बसलेला तबलजी एकदम दुप्पट लयीत कहरव्याच्या अंगाने सुटतो. हीच लग्गी. मैफलीत माना आतापर्यंत डोलत होत्या, आता हात उठतात. गायिका मागे, तबला पुढे. गाणं थांबलेलं नाही, पण जागा ढोलाची झाली आहे. हर्क जे शोधत होता ते आपल्याकडे ठुमरीच्या आणि दादऱ्याच्या बांधणीतच आहे, आणि ठुमरीच्या बाबतीत या शहराशी पैज लावण्यात अर्थ नाही.

जुन्या ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे त्यांवर लग्गी जेमतेम चवीपुरती असते. लांब लग्गी हवी असेल तर मैफलींची ध्वनिमुद्रणं ऐका, बेगम अख्तरांच्या दादऱ्यांमागचा तबला ऐका. लगेच कापायला घेऊ नका. आधी तोंडाने म्हणा. जी लग्गी तोंडाने म्हणता येत नाही ती माउसने मांडताही येत नाही, असं माझं मत आहे, आणि ते बदलायला लावील असं अजून कुणी भेटलेलं नाही.

४. ग्रिडला मुजरा करा, पण तिच्या घरी राहायला जाऊ नका

पडद्यावर सोळा चौकोन दिसतात. तुम्ही कीबोर्डवर कसंही बडवा, क्वांटाइझ दाबलं की सगळं चौकोनात जाऊन बसतं. नवख्याला हा चमत्कार वाटतो. रॉजर लिन या अमेरिकन माणसाने १९८० मध्ये एलएम-१ हे ड्रम मशीन काढलं. खऱ्या ढोलांचे डिजिटल रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं हे पहिलं. नंतर १९८८ मध्ये अकाई कंपनीसाठी त्यानेच एमपीसी-६० घडवलं. मात्रा चौकोनात बसवण्याची सोय देताना त्याने शेजारीच स्विंगची सोयही दिली, हे लोक विसरतात. ५० टक्के म्हणजे सरळ चाल. ६६ च्या आसपास नेलं की जोडीतला दुसरा ठोका तिप्पट लयीच्या जागी सरकतो. मधल्या ५४ ते ६० च्या पट्ट्यात बरंच संगीत राहतं. डेट्रॉइटच्या जे डिलाने ग्रिड बाजूला ठेवून हाताने वाजवलेले ठोके तसेच राहू दिले. त्याचं एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

लग्गी ५० वरही बसत नाही आणि ६६ वरही. दर आवर्तनात ती जरा सरकते, आणि समेवर मात्र नेमकी येते. त्यामुळे माझ्या तबल्याच्या ट्रॅकवर मी फक्त सम ग्रिडला बांधतो, मधलं सगळं मोकळं सोडतो. किक आणि हायहॅट मात्र ग्रिडवर. दोघांमध्ये जो थोडा तणाव राहतो त्यातच मजा आहे.

५. खरेदीचं थोडक्यात

हजरतगंजजवळच्या नाझा मार्केटात कॉम्प्युटरचं हवं ते मिळतं आणि नको ते जास्त मिळतं. एक बंद कानाचा हेडफोन, एक साधा ऑडिओ इंटरफेस आणि एक मायक्रोफोन, एवढ्यावर पुष्कळ दिवस निघतात. बफर २५६ ठेवलात तर ४४.१ किलोहर्ट्झला बफरचा उशीर सहा मिलिसेकंदांच्या आत राहतो, बोटाला उशीर जाणवत नाही. रेकॉर्डिंगमध्ये घूं घूं येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बहुतेक वेळा दोष घरातल्या अर्थिंगचा असतो.

आणि हजारो तयार आवाजांचे पॅक गोळा करत बसू नका. १९८७ च्या एसपी-१२०० या मशीनमध्ये एकूण दहा सेकंदांचे आवाज मावायचे. लोक ३३ गतीची तबकडी ४५ वर वाजवून आवाज आत घ्यायचे आणि मशीनमध्ये तो पुन्हा खाली उतरवायचे, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावायचं. खाली उतरवताना आवाजाला जो खरबरीतपणा यायचा त्याच्याच प्रेमात जग पडलं. दहा सेकंदांत काय ठेवायचं हे ठरवायला लागलं की कान आपोआप शहाणा होतो.

६. शहर रेकॉर्ड करा, पण विचारून

चौकात चांदीचा वर्ख कुटणारे कारागीर अजून आहेत. कातड्याच्या थप्पीत चांदीचे बारीक तुकडे ठेवून हातोड्याने कुटत राहतात. तो आवाज जाड, कोरडा, खाली बसणारा. कुठल्याही विकतच्या किकपेक्षा सरस. दोघं कारागीर शेजारी बसले तर त्यांचे ठोके कधी एकत्र येतात, कधी सुटतात, आणि ते ऐकता ऐकता माझा चहा थंड होतो. चिकनच्या कापडावर लाकडी ठप्प्याने नक्षी छापतात, तो ‘थप्’ स्नेअरखाली घालायला उत्तम. कबाबवाल्याच्या तव्यावरचा खणखणाट तर सगळ्यांनीच वापरून गुळगुळीत करून टाकलाय. त्याच्या नादी लागू नका.

वर्खवाल्या चाचांना मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी हेडफोन मागितला. स्वतःचे ठोके ऐकले, भुवया उंचावल्या, मग म्हणाले की थांबा, ही थप्पी जुनी झाली आहे, नव्या थप्पीचा आवाज चांगला येतो. ती थप्पी संध्याकाळी आली. न विचारता खिशात फोन लपवून रेकॉर्ड केलं असतं तर जुन्या थप्पीवर समाधान मानावं लागलं असतं.

मोहरमच्या दिवसांत इमामबाड्यांमधून, गल्ल्यांमधून सोज आणि नौहे ही शोकगीतं ऐकू येतात. सुरांच्या दृष्टीने त्यांच्या तोडीचं या शहरात थोडंच आहे. ते मी ऐकतो, रेकॉर्ड करत नाही. कुणाच्या शोकाखाली किक घालायला हात धजत नाही. यावर भाच्याने फोनवर माझ्याशी तासभर वाद घातला, कलेला सगळं मोकळं असावं वगैरे. असू दे.

७. आधी सा शोधा, कॉर्डचं नंतर पाहू

सारंगीचा तुकडा घेतला, खाली पियानोचे कॉर्ड टाकले आणि सगळं बेसूर झालं, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. सारंगिया गायिकेच्या सा ला तार लावतो. तो सा पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्येही पडू शकतो. आधी तुकड्यातला सा ओळखा, मग बाकीची वाद्यं सेंट-सेंटने सरकवून त्याच्याकडे न्या. सारंगी पियानोकडे ओढली तर तिचा आवाज ताणला जातो आणि मींड रबरासारखी लागते. तीन-चार स्वरांच्या कॉर्डपेक्षा सा आणि पंचमाची जोडी खाली धरलीत तर सुरांची मारामारी होत नाही. पंचम वर्ज्य असलेला मारवा वगैरे निघाला तर पंचमही काढा.

बेसचे स्वर निवडताना मी थाट पाहतो. विष्णु नारायण भातखंड्यांनी राग दहा थाटांत बसवले ते यासाठी नव्हे, आणि कुठला राग कुठल्या थाटात यावरून जाणकार अजून भांडतात. पण कामचलाऊ नकाशा म्हणून याहून बरं काही नाही. लखनौत १९२६ साली मॅरिस कॉलेज उघडलं ते याच मुंबईकर वकिलाच्या खटपटीने, पुढे श्री. ना. रातंजनकरांनी ते चालवलं. आज ते भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मूळ मराठीत आहे, त्यामुळे आपल्याला ती वाचायला कुणाची मदत लागत नाही. इथल्या मित्रांपुढे मी हा एक तोरा मिरवतो.

रागाखाली यंत्र चालतं का, असं कुणी विचारलं तर त्याला चरणजित सिंग ऐकवा. मुंबईच्या सिनेसंगीतातले हे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडच्या टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर दहा राग डिस्को ठेक्यात वाजवून रेकॉर्ड काढली. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक चकित झाले, कारण ॲसिड हाउस म्हणून जे पुढे गाजलं त्याच्याशी हिचं नातं उघड दिसत होतं. त्यांनी कॉर्ड जवळपास वापरलेच नाहीत.

८. घ्यायचं तर देणंही लागतं

आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. चालीचा आणि शब्दांचा हक्क वेगळा. तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी चाल मोकळी झाली असेलच असं नाही. ‘पाच सेकंदांपर्यंत चालतं’ ही थाप आहे, कायद्यात असं कुठे नाही.

२००२ मध्ये ट्रुथ हर्ट्‌स या अमेरिकन गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ गाणं गाजलं. त्याखाली सरळ लताबाई ऐकू येत होत्या: १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटातलं ‘थोडा रेशम लगता है’, संगीत बप्पी लाहिरींचं. परवानगी घेतलेली नव्हती. प्रकरण अमेरिकेतल्या न्यायालयात गेलं आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्री करू नका असा आदेश निघाला. याउलट ब्लॅक आय्ड पीजच्या २००५ च्या गाण्यात कल्याणजी-आनंदजींच्या चाली रीतसर श्रेय देऊन घेतल्या होत्या, आणि त्या गाण्याबद्दल या दोघा भावांना अमेरिकेतला पुरस्कारही मिळाला.

मी बँकेतला, त्यामुळे हिशेब स्वभावातच आहे. सिनेमाच्या गाण्याला हात लावत नाही. पारंपरिक लेहरा घेतो, वादकाला घरी बोलावतो, कार्यक्रमाला मिळतं तेवढं मानधन देतो आणि पुढे हा आवाज कुठे वापरणार हे कागदावर लिहून दोघं सह्या करतो. पहिल्यांदा कागद पुढे केला तेव्हा सारंगिया हसला. सह्या करून झाल्यावर म्हणाला, मुंबईच्या एका स्टुडिओसाठी वाजवलं होतं, त्याचं पुढे काय झालं हे अजून कळलं नाही.

९. फोनवर ऐका

हेडफोनमध्ये छाती हलवणारी किक फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून येतच नाही, कारण पन्नास-साठ हर्ट्झ तिथे वाजतच नाहीत. किकमध्ये वरचा थोडा ‘टक’ असू द्या. डग्ग्याचा हा फायदा आहे: तळहात सरकवून काढलेली त्याची घिस वरच्या पट्ट्यात चांगली ऐकू येते, त्यामुळे डग्गा फोनवरही हरवत नाही. शेवटची तपासणी ई-रिक्षात करा. ड्रायव्हरने आपलं गाणं बंद करून तुमचं लावायला होकार दिला तर अर्धं काम झालं.

१०. फाइलला नाव द्या

‘न्यू फायनल २’ असं नाव देऊ नका. वर्षाने काहीही सापडणार नाही. लय, सा, ताल आणि वाद्य फाइलच्या नावातच लिहा: ९२, काळी एक, तीनताल, सारंगी. आणि शेवटी वाजवणाऱ्याचं नाव. माझ्या फोल्डरमध्ये वर्खवाल्या चाचांच्याही दोन फाइली आहेत. एकीपुढे जुनी थप्पी, दुसरीपुढे नवी थप्पी असं लिहिलंय.